नेत्याचा फोटो आणि व्यंगचित्राची रेघ

१९७२ च्या अमेरिकी निवडणुकीत चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी रिचर्ड निक्सन यांचं एक छापचित्र केलं. नाक लांबवलं नाही, गाल फुगवले नाहीत. निक्सन यांचाच फोटो घेतला, चेहरा हिरवा रंगवला आणि खाली विरोधी उमेदवार मॅकगव्हर्न यांना मत द्या, असं लिहिलं. टीका सगळी रंगातून आणि शैलीतून झाली. मराठी राजकीय व्यंगचित्राने या वाटेकडे अजून नीट पाहिलेलं नाही, ही माझी तक्रार आहे.

आपला वारसा मोठा आहे. १९६० साली बाळ ठाकरे यांचं ‘मार्मिक’ साप्ताहिक निघालं. ठाकरे यांच्यावर व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा संस्कार होता. ब्रशच्या जाड-बारीक फटकाऱ्यात ते माणसाची भुवई, पोट, चाल, सगळा स्वभाव पकडत. विकास सबनीस, राज ठाकरे याच परंपरेतले. शि. द. फडणीस यांची शब्दाविना बोलणारी चित्रं राजकारणापासून लांब राहिली. वसंत सरवटे यांनी ‘व्यंगकला-चित्रकला’ लिहून व्यंगचित्राकडे आधी चित्र म्हणून पाहायला शिकवलं. तो धागा पुढे फारसा कोणी ओढला नाही. आधुनिक चित्रकला आपल्या व्यंगचित्रांत आली ती बहुतेक वेळा थट्टेचा विषय म्हणून: उलटं टांगलेलं चित्र, दाढीवाला चित्रकार, गोंधळलेला प्रेक्षक. तिचं हत्यार झालं नाही.

अर्कचित्र एक गोष्ट गृहीत धरतं, की नेता म्हणजे एक ठसठशीत व्यक्ती. आज नेता आपल्यासमोर येतो तो छापील प्रतिमा होऊन. उदाहरणार्थ, पुण्याच्या मार्केट यार्डात बाजार समितीवर आडते-व्यापाऱ्यांचे आणि हमाल-तोलणारांचे प्रतिनिधी निवडून जातात. तिथे राजकारण गाळ्याच्या दारात उभं असतं, आणि फ्लेक्सवरही. फ्लेक्सची मांडणी ठरलेली. वरच्या कडेला गोलात पक्षश्रेष्ठी, मानाच्या क्रमाने. मधोमध वाढदिवसाचे भाऊ, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. पक्ष बदलला की वरचे गोल बदलतात, भाऊंचा फोटो तोच राहतो. या चित्रावर रेघेने काय टीका करणार? नाक मोठं काढून फ्लेक्सला धक्का लागत नाही. तोच फोटो, तेच जोडलेले हात, फक्त गोल बदलत ओळीने छापले, की एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा छापण्याची वॉरहॉलची रीत इथल्या राजकारणावरचं भाष्य होते.

जर्मन चित्रकार जॉन हार्टफील्ड यांनी १९३२ मध्ये हिटलरच्या फोटोला छातीचा एक्स-रे जोडला; अन्ननलिका आणि पोट सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं. भाषणामागचा पैसा एका नजरेत दिसला. ते पोस्टर बर्लिनच्या भिंतींवर लागलं होतं, कलादालनात नव्हे. पिकासो यांनी १९३७ मध्ये स्पेनच्या जनरल फ्रँकोला अठरा चौकटींच्या मालिकेत एक बेढब, केसाळ प्राणी केलं. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू एकाच वेळी दाखवणारा पिकासो यांचा घनवाद आपल्याकडे कोणाला का सुचू नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्या शैलीला यापेक्षा चोख मराठी विषय कुठे मिळणार होता?

नेत्याला व्हॅन गॉगच्या शैलीत रंगवून देणारी चित्रं आता मोबाइलवर क्षणात तयार होतात. त्यांना मी यात धरत नाही. शैली काढून घेतल्यावर टीका तशीच उरत असेल, तर ती शैली नुसती सजावट होती. हार्टफील्डचा एक्स-रे काढून घ्या, चित्रच उरत नाही.

भीती आहे, हे मान्य. २०१२ मध्ये शालेय पाठ्यपुस्तकात घेतलेल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्याच वर्षी राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे काढणाऱ्या असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पण २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कठोर टीका राजद्रोह ठरत नाही. त्यानंतरही आपली वृत्तपत्रं व्यंगचित्राला एका स्तंभाची चौकटच देत आली आहेत. तेवढ्या जागेत ना पुनरावृत्ती मावते, ना फोटोची जोडणी. दिवाळी अंकांकडे मात्र पूर्ण पानं आहेत, रंग आहेत. संपादकांनी ती पानं तरुण चित्रकारांना द्यावीत, आणि मजकूर ठरण्याआधी द्यावीत.