ऐकलेले शिल्प, पाहिलेले शिल्प

परळ-लालबाग भागात पहाटे चालायला निघणारा आमचा वीसेक जणांचा गट आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, गिरणीत हयात घालवलेले दोघे-तिघे आहेत, नातवंडांना शाळेत सोडून येणाऱ्या काकू आहेत. यंदा महाशिवरात्रीच्या आधीच्या एका रविवारी गटाने वाट बदलली आणि काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायचे ठरवले. वर्गणी काढून एक माहीतगार मार्गदर्शकही सोबत घेतला. त्या दीड तासाचे परीक्षण मला येथे करायचे आहे. आपण नाटकाचे परीक्षण करतो, चित्रप्रदर्शनाचे करतो. प्रदर्शन दाखवणाऱ्या फेरीचे करत नाही. वास्तविक तीही एक रचलेली संहिता असते. तिच्यात निवड असते, गाळणी असते, वेग असतो आणि ऐकणाऱ्याविषयी काही गृहीतेही असतात.

मार्गदर्शक आपल्या कामात वाकबगार होता, हे आधीच नोंदवते. इमारतीची कोनशिला 1905 साली बसली, आराखडा जॉर्ज विटेटचा, पहिल्या महायुद्धात येथे लष्करी रुग्णालय होते आणि 1922 साली संग्रहालय लोकांना खुले झाले, हे सारे त्याने रंगवून सांगितले. आम्ही माना डोलावल्या. माझी शंका सुरू झाली ती शिल्पदालनात.

ऐहोळेहून आलेल्या ब्रह्मदेवाच्या शिल्पापुढे आम्ही उभे होतो. काळ सुमारे सातवे शतक. ब्रह्मदेवाची चार तोंडे, हंस आणि चालुक्यांचा पराक्रम यांवर मार्गदर्शक भरभरून बोलला. पण ही शिळा मूळची देवळाच्या छताची आहे. शिल्पकाराने ती घडवली तेव्हा पाहणारा खाली उभा राहून मान वर करणार, हे त्याला ठाऊक होते. आज ती आपल्यासमोर उभी आहे. डोक्यावर तरंगणारा देव समोरासमोर आला की आकृतीतला तोल आणि वस्त्रांच्या चुण्यांचा ओघ आपल्याला वेगळा दिसणारच. जागा बदलली की पाहणे बदलते, एवढे एक वाक्य पुरले असते. ते आले नाही, कारण फेरीच्या संहितेत वस्तूला गोष्ट होती, जागा नव्हती.

पुढे परळच्या शिवाची प्रतिकृती आली. मूळ शिल्प 1931 साली परळ भागात रस्त्याचे काम चालू असताना सापडले. ते सुमारे साडेतीन मीटर उंच असून पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधिकाळातले मानले जाते. आज ते परळच्याच बारादेवीच्या देवळात आहे. संग्रहालयात आहे तो त्याचा साचा घेऊन केलेला प्लास्टरचा ठसा. मार्गदर्शकाने ‘ही नक्कल आहे’ असे सांगून तीन मिनिटांत आम्हांला पुढे काढले. नकलेपाशी वेळ कशाला घालवायचा, असा त्याचा हिशेब असावा.

गटातल्या एक काकू मात्र मागे राहिल्या. “अहो, हा तर आमच्या बारादेवीतला!” त्या मला म्हणाल्या. मग बोटाने मोजू लागल्या. मध्यावर एकावर एक अशा तीन आकृत्या, दोन्ही बाजूंना तिरप्या उमलत जाणाऱ्या दोन-दोन, एकूण सात. सगळ्यात वरच्या आकृतीचे अनेक हात. पायथ्याशी वाद्ये घेतलेले बुटके गण. मोजून झाल्यावर त्या जरा ओशाळल्या. “इतकी वर्षं हात जोडले, पण हे सात आहेत हे आज बघितलं.”

त्या वाक्याने मीही वरमले. बारादेवीवरून मी चाळीस वर्षे जाते-येते आहे आणि कलाशिक्षिका म्हणून विद्यार्थ्यांना परळचा शिव फळ्यावर काढून दाखवला आहे. देवळात आम्ही नमस्कार करतो म्हणून पाहत नाही, संग्रहालयात ऐकत राहतो म्हणून पाहत नाही, आणि वर्गात मी शिकवत होते म्हणून पाहत नव्हते. मार्गदर्शकावर ठेवलेला आक्षेप माझ्याही दाराशी येतो.

या दोषाला इतिहास आहे. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातले बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी 1916 साली ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला. वस्तू वाईट तऱ्हेने मांडल्या की पाहणाऱ्याला किती वाकावे, ओणवे व्हावे लागते, हे त्यांनी छायाचित्रांनिशी दाखवले. संग्रहालयात वस्तूंसमोर उभे राहून बोलणारा जाणकार नेमावा, या प्रथेचे एक आद्य पुरस्कर्तेही हेच गिलमन. म्हणजे शरीराचा थकवा ओळखणाऱ्यानेच शब्दांची सोबत सुचवली होती. त्या सोबतीने डोळ्यांना बळ मिळावे ही अपेक्षा. आमच्या फेरीत शब्दांनी डोळ्यांना सुट्टी दिली. चहाच्या टेबलावर मी विचारले, ब्रह्मदेव बसला होता की उभा? तिघांनी तीन उत्तरे दिली. रुग्णालयाची गोष्ट मात्र सर्वांना पाठ होती.

महाशिवरात्रीला आम्ही नेहमीच्याच वाटेने बारादेवीला गेलो, मार्गदर्शकाशिवाय. संग्रहालयात मागे सरकून अख्खे शिल्प नजरेत घेता येते. देवळात रांग पुढे ढकलते. पण ठशापाशी मोजलेल्या सात आकृत्या आता प्रत्येक जण शोधत होता. गिरणीतल्या एका काकांना खालच्या भागात अपुरे राहिलेले कोरीवकाम दिसले. “कारागिराचं काम मध्येच थांबलंय,” ते हळूच म्हणाले. गिरण्यांच्या संपानंतर स्वतःचे काम थांबलेल्या माणसाचे हे निरीक्षण होते. कोणत्याही फेरीच्या संहितेत मला ते सापडले नसते.

म्हणून माझे परीक्षण असे: फेरी माहितीने समृद्ध होती, क्रमाने दुबळी. मार्गदर्शकाने आधी दोन मिनिटे गप्प राहावे. मग वस्तू मुळात कुठे होती, हे सांगावे. गोष्ट शेवटी यावी. चालणाऱ्यांच्या गटाकडे तर आणखी एक साधन असते, ते म्हणजे पाय. दालनात पाहिलेले जिथून आले, तिथवर तो जाऊ शकतो. परळच्या शिवाच्या बाबतीत हे अंतर लोकलने अर्ध्या तासाचेही नाही. आम्हांला ते तोडायला चाळीस वर्षे लागली.