टेरी उठून चालू लागते

चार्ली चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्ये (१९५२) जगावं की नाही, या प्रश्नाशी दोन कलावंत झगडतात. काळ १९१४चा, शहर लंडन. टेरी ही तरुण बॅले नर्तिका जीव द्यायला निघालेली. कॅल्व्हेरो हा म्युझिक हॉलचा एके काळचा लाडका विदूषक. प्रेक्षक दुरावले आणि तो दारूत बुडाला. तो तिला वाचवतो, आपल्या खोलीत आणतो. तिचे पाय लुळे पडलेत, पण आजार पायांत नाही. आपल्या नाचाच्या शिकवणीसाठी बहीण रस्त्यावर उभी राहत होती, हे शल्य तिच्या मनात रुतून बसलंय.

मग कॅल्व्हेरो बोलत राहतो. आयुष्यावर, इच्छाशक्तीवर, कल्पनेच्या बळावर. ही भाषणं फार लांबतात, असा आक्षेप घेता येईल. मला ती लांबलेलीच हवीत. इतकं सुंदर बोलणं ऐकूनही टेरी अंथरुणातच असते, हे आपल्याला जाणवावं लागतं.

एका रात्री कॅल्व्हेरो रंगमंचावरून हरून परततो. त्याचा खेळ चालू असतानाच प्रेक्षक उठून गेलेत. आता तो कोसळतो, रडतो. त्याचेच शब्द टेरी त्याला ऐकवते, लढ म्हणते, आणि त्वेषानं बोलता बोलता तिच्या ध्यानात येतं की आपण चालतोय. ऐकताना जे शब्द कोरडे होते, ते दुसऱ्यासाठी उच्चारताना तिच्या पायांत उतरले. टेरी साकारणाऱ्या क्लेअर ब्लूमच्या आवाजात आधी कळवळा आहे, मग थरार. या वळणावर चित्रपट माझ्यासाठी थोर होतो.

उतारा मात्र दोघांना सारखा लागू पडत नाही. ती वर चढत जाते, त्याची उतरण थांबत नाही. तिचं प्रेम त्याला दयाच वाटते. तरी तिच्या मोठ्या प्रयोगात ऐनवेळी पाय आखडतात, तेव्हा तिला थोबाडीत मारून मंचावर ढकलणारा तोच असतो. मग तो नेपथ्यामागे गुडघे टेकतो आणि जो कोणी ऐकत असेल त्याच्याकडे तिच्यासाठी याचना करतो. एक कामगार तिथे येतो. कॅल्व्हेरो बटण शोधत असल्याचं सांगतो. जगण्याबद्दल इतकं बोललेल्या माणसाला इथे एकही तत्त्वज्ञान सुचत नाही. तिनं नाचावं, एवढंच त्याला हवं असतं, आणि ते मागताना कुणी पाहिलं याची त्याला लाज वाटते.