'फळमाश्यांची विविधता': शीर्षक मोठं, सापळा लहान

आंब्याच्या बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगायचे, दर आठवड्याला माश्या मोजायच्या, आकडे तापमान-पावसाशी जोडायचे आणि शीर्षक द्यायचं 'अमुक तालुक्यातील फळमाश्यांची विविधता'. हा साचा तुम्ही पाहिला असेलच. काम स्वस्त आहे, बागायतदाराच्या उपयोगाचंही आहे. आक्षेप आहे तो 'विविधता' या शब्दाला.

टेफ्रिटिडी कुळात जगभरात सुमारे ५,००० प्रजाती आहेत. बहुतेकांच्या पंखांवर पट्ट्या-ठिपक्यांची नक्षी असते, आणि पुढच्या कडेजवळची सबकोस्टा शीर टोकाशी जवळपास काटकोनात वळते. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी ड्रॉसोफिला या कुळातली नव्हे.

आता सापळ्याकडे बघू. १९१२ साली बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हॉलेट यांनी नोंदवलं की सिट्रोनेला तेलाकडे काही माश्यांचे फक्त नर येतात. त्याच कामातून पुढे मिथाइल युजेनॉल हाती लागलं. म्हणजे मर्यादा पहिल्या दिवसापासून माहीत आहे: नरच येतात, तेही ठरावीक प्रजातींचे. आंब्यावरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस येते. कारली-दोडक्यावरची झ्युगोडेकस कुकुर्बिटी क्यू-ल्युअरला येते. बोरातली कार्पोमाया व्हेसुव्हियाना या दोन्हींकडे फिरकत नाही. झेंडूच्या कुळातल्या रानफुलांच्या बोंडात वाढणाऱ्या प्रजातींचं तर नावच नको.

हे नंदुरबारला लावून बघा. धडगावात आमचूर कैरीचं होतं, शहाद्यात पपई, बांधावर बोरी, परसात वेलभाज्या. इथे नुसते मिथाइल युजेनॉलचे सापळे लावले तर बोरीवरच्या अळीचा आकडा शून्य येईल. तो शून्य आमिषाचा आहे, बोरीचा नाही. त्यावरून कुणी 'प्रादुर्भाव नाही' असं लिहिलं, तर बोरं विकणाऱ्याचं नुकसान होणार.

मग करायचं काय? किडकी फळं गोळा करा, बरणीत वाळूवर ठेवा, तोंडाला मलमल बांधा. अळ्या वाळूत कोषात जातात आणि नर-मादी दोन्ही मिळतात, शिवाय कोणती माशी कोणत्या फळातून आली याचा पुरावाही. रानफुलांवर जाळी फिरवा. हे जमणार नसेल तर सिनॉप्सिसमध्ये सरळ लिहा: 'मिथाइल युजेनॉलकडे येणारे नर'. शीर्षक लहान दिसेल, पण तोंडी परीक्षेत त्याचा बचाव करता येईल.