वेड्याच्या बायकोचे गाणे

भोंडल्याची गाणी ही मराठी मुलींच्या आनंदाची गाणी होत, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. गेल्या आश्विनात विरारच्या आमच्या महाविद्यालयात मुलींनी भोंडला घातला. पाटावर हत्ती काढला, फेर धरला. बाहेर जीवदानीच्या डोंगराकडे निघालेल्या गर्दीचे कर्णे वाजत होते आणि आत वेड्याच्या बायकोचे गाणे चालले होते. मुली हसत होत्या, प्राध्यापक हसत होते, मीही हसत होतो. शेवटच्या कडव्याला फेरातली एक मुलगी हात सोडून बाजूला जाऊन बसली. मी तिला काही विचारले नाही. विचारायला हवे होते. परंतु शंभरदा ऐकलेले ते गाणे त्या रात्री मी प्रथमच वाचले.

गाणे सर्वांना ठाऊक आहे. वेड्याची बायको लाडू करते. वेडा त्यांना चेंडू समजून खेळतो. ती करंज्या करते. तो होड्या समजून पाण्यात सोडतो. असे एकेक पदार्थ जातात. शेवटी बायको पलंगावर झोपलेली असते. वेडा येतो, ती मेली असे समजतो आणि तिला जाळून टाकतो. गाणे संपते आणि मुली खिरापत ओळखू लागतात.

या गाण्याचा भेसूरपणा जाळण्यात आहे असे वाचणाऱ्याला वाटेल. माझ्या मते तो रचनेतच आहे. बायको ही पदार्थांच्या यादीतील शेवटची वस्तू आहे. आधीच्या प्रत्येक कडव्यात ती काही रांधते. शेवटच्या कडव्यात मात्र तिने काहीच केलेले नाही, ती फक्त झोपली आहे. राबणारी बाई घटकाभर आडवी झाली की ती मेली, असा या घराचा हिशेब आहे. तिला नाव नाही. नवऱ्यालाही नाही, परंतु त्याला वेड आहे आणि ते नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. वेड्याला कोण जाब विचारणार? 'तो शुद्धीत नव्हता', 'दारूने घात केला' ही वकिली आपल्या चाळींतून आजही रोज चालते.

आस्वादक समीक्षक म्हणतील, ही केवळ गंमत आहे, बालगीतात तर्क शोधू नये. ठीक आहे. मग त्या वेड्याचे वेड दर खेपेला बायकोच्याच कष्टांवर का चालते? माझ्या ऐकण्यातल्या कोणत्याही पाठात तो एकदाही आपले पागोटे चुलीत घालत नाही. शिवाय हे गाणे एकटे नाही. अक्कणमातीच्या गाण्यात जाते रोवण्यापासून करंज्यांपर्यंत सारे सुरेख चालते आणि शेवटी कोंडून मारणारे सासर येते. चाल बदलत नाही, फेर थांबत नाही. जे सांगितले तर जीभ उपटली जाईल ते गाण्यात घालून म्हणायचे, ही युक्ती बायकांना फार पूर्वी सापडली होती. दंडविधानात ४९८-अ कलम घालून विवाहितेचा छळ हा गुन्हा ठरायला १९८३ साल उजाडले. आता ते भारतीय न्याय संहितेचे ८५ वे कलम झाले आहे. मुली फेर धरून त्याची साक्ष केव्हापासून देत होत्या.

येथपर्यंत लिहून थांबणे मला सोयीचे होते. भोंडला आमच्या वस्तीत नव्हता. तो मी शाळेच्या पटांगणात लांबून पाहिला. हे वरच्या आळीचे गाणे, हे मनूचे घर, असे म्हणता आले असते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भार्या, पुत्र आणि दास यांना दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारण्याची मुभा एकाच श्लोकात दिली आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ते पुस्तक जाळले गेले. परंतु कांब सगळ्यांच्या घरांतून गेली काय? बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. सासरहून पळणाऱ्या महार सुनेच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा त्यांनी लिहून ठेवला आहे. तो खोडा घालायला कोणी भटजी आला नव्हता.

माझे वडील १४ एप्रिलच्या सभेत भाषण करीत. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, दासी होण्यास नकार द्यावा, असे सांगितले. तेही त्यांना ठाऊक होते. त्याच रात्री घरी काय होई हे आम्हा भावंडांना ठाऊक होते. मराठवाड्यातल्या आमच्या गावात तोवर गिरणी आली होती, पण डाळ भरडायला जाते होतेच. पहाटे आई त्यावर बसे. एक ओवी भीमाची म्हणे आणि पुढची पाठीवरच्या वळाची. दोन्हींची चाल एकच.

एम.ए.च्या परीक्षेत ओवीवरच्या प्रश्नाला मी जे उत्तर लिहिले त्यात 'स्त्रीची सोशिकता' हा शब्द तीनदा होता. गुण चांगले पडले. पुढे आपल्या चळवळीचे वाङ्मय वाचले आणि सोशिकतेच्या जागी 'विद्रोह' लिहू लागलो. त्याला टाळ्या पडल्या. आज वाटते, दोन्ही वेळा मी आईचे म्हणणे ऐकले नाही. ती सोशीत होती म्हणून गात नव्हती आणि बंड करीत होती असेही नाही. ती जात्याला सांगत होती, कारण जाते उलट मारत नाही. सोशिकता काय किंवा विद्रोह काय, दोन्ही शब्दांत मारणाऱ्याचा उल्लेख नसतो. ओवीत तो असतो.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या त्यात आहेत. त्या आपण आवडीने उद्धृत करतो. त्याच संग्रहात नवऱ्याच्या माराच्या ओव्याही आहेत. त्यांवर आपल्या नियतकालिकांत किती लेख आले, हे ज्याने त्याने आपल्या कपाटात पाहावे.

वडील जाऊन सहा वर्षे झाली. मागच्या दिवाळीत मी आईला त्या ओव्या पुन्हा म्हणायला सांगितल्या. भीमाच्या चार म्हणाली. दुसऱ्या म्हण म्हटल्यावर म्हणाली, "त्या कशाला? आता जातं बी न्हाई." मी वही पुढे सरकवली, तर तिने ती मिटून माझ्याकडे परत दिली.