आधी पत्र वाचा, मग सह्या

"पद होतं तेव्हा गप्प होते, आता कंठ फुटला!" सुप्याच्या स्टँडवर काय नि विद्यापीठात काय, स्वपक्षाला सुनावणाऱ्या माजी नेत्यावर हाच शेरा. संशोधनात तो पुरत नाही. त्यातून माणूस कळतो, त्याचा दावा तपासायचा राहून जातो.

ऑगस्ट 2020 मध्ये काँग्रेसच्या 23 नेत्यांनी सोनिया गांधींना लिहिलेलं पत्र घ्या. सही करणाऱ्यांत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते, मुकुल वासनिक आणि मिलिंद देवराही. मागणी पूर्णवेळ, दिसणाऱ्या नेतृत्वाची आणि संघटनेत निवडणुकांची. पत्र फुटलं, आणि कार्यसमितीत वाद रंगला तो पत्राच्या वेळेवरून.

2024 मध्ये देवरा शिंदेंच्या शिवसेनेत गेले. चव्हाण, वासनिक पक्षातच राहिले. मग सहीवरून हेतू कसा ठरवणार? 2022 मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली, खर्गे जिंकले. ती पत्रामुळेच झाली असं लिहाल तर गाईड लाल पेन काढतील (काढायलाच हवं). पण मागणी तपासता येण्याजोगी होती.

माझ्या मते माजी नेत्यांनी बोलावंच, पण उघड. हे पत्र पहिल्या दिवसापासून जाहीर असतं, तर निदान ‘कोणी फोडलं’ या प्रश्नाआड पक्षाला लपता आलं नसतं.