‘काबुलीवाला’तील दुसरा बाप

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘काबुलीवाला’ ही १८९२ सालची कथा बहुधा रहमतची कथा म्हणून वाचली जाते. दूरदेशी राहिलेल्या लेकीची माया परक्या मुलीवर ओतणारा तो काबुली मनात असा भरतो, की कथा सांगणाऱ्या बापाकडे आपले लक्षच जात नाही. आमच्या मते कथेचे खरे शल्य या दुसऱ्या बापापाशी आहे.

पाच वर्षांची मिनी त्याच्या लिहिण्याच्या मेजापाशी बसून अखंड बडबडते. पुढे रहमत तुरुंगात जातो; वर्षे लोटतात. मिनीला सख्या मिळतात, बापाच्या खोलीत ती दिसेनाशी होते. आपण तिच्याशी जणू कट्टीच घेतली आहे, असे बाप जाता जाता सांगून मोकळा होतो. रहमतच्या दुःखाला पाने, या दुःखाला दोन वाक्ये!

मिनीच्या लग्नाच्या दिवशी रहमत परततो आणि जुनीच थट्टा करतो : सासरी जाणार का? पूर्वी मिनीला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून ती त्यालाच उलट विचारी. आता अर्थ कळतो, म्हणून ती लाजते. शब्द तेच, मूल मात्र ते राहिलेले नाही. आपल्या लेकीशीही आता नव्याने ओळख करून घ्यावी लागणार, हे रहमतला तत्क्षणी उमगते. बाप द्रवतो, रोषणाई आणि बँड यांचा खर्च छाटून त्याला गावी जाण्यास पैसे देतो. हे औदार्य खरेच आहे. परंतु तशा नव्या ओळखीची गरज आपल्यालाही होती, हे त्याच्या मनात येत नाही. रहमतच्या वाटेत पर्वत होते, तुरुंग होता. याच्या वाटेत केवळ एक दार होते.

हा कथेतील उणेपणा आहे, असे आम्हांस वाटत नाही. घरातला दुरावा असाच, कोणाच्या ध्यानी न येता वाढतो. म्हणून रवींद्रनाथांनी तो ओझरताच सांगितला.

बदलीच्या नोकरीपायी मुलांना शिक्षणासाठी मागे ठेवणारे आपण रहमतशी सहज नाते जोडतो आणि सारा दोष अंतराला देतो. ही कथा तेवढी सवलत देत नाही. सुटीत घरी गेल्यावर आपण जुनीच थट्टा करतो, की मुलाचा नवा सोबती कोण हे विचारतो, एवढेच ती पाहते.