खर्जाच्या चार तारा

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात सर्वांत मागे, ड्रमवाल्याच्या शेजारी, एक माणूस मान खाली घालून उभा असे. गायकाला टाळ्या मिळत, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळत, कीबोर्डवाल्याभोवती मुले जमत. या माणसाच्या हातात गिटारसारखेच, पण लांब मानेचे आणि चार जाड तारांचे वाद्य असे. ते नेमके काय करते, हे पहिल्या रांगेतल्या प्रतिष्ठितांनाही सांगता आले नसते. निवेदक त्याचे नाव शेवटी घेई, कधी विसरेही. १९८८ ते १९९२ या पाच गणपतींत तो विसरला जाणारा माणूस मी होतो. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात मराठी गाणी, उत्तरार्धात कन्नड आणि हिंदी. गायक बदलत, माझ्या चार तारा त्याच राहत.

पुढे बी.एड. झाले, नोकरी लागली, संसार आला आणि बेस गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली. तारा गंजलेल्या, एक खुंटी जाम, आणि आवाजाचे बटण फिरवले की फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. पुन्हा वाजवायचे असे मी ठरवले. आणि त्यानंतरचे सहा महिने वाजवण्याखेरीज सगळे केले. तारा गुळगुळीत घ्याव्यात की खरखरीत, पिकअपच्या चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे किती असावेत, कोणत्या सालच्या लाकडाचा नाद गोड, यावर मिळेल ते वाचले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे बसून जुने जोड सोडवले, नवे जोडले. एका रात्री सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, ही वाजवायची आहे की नुसती पुसायची?”

या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. पण तो माझ्या एकट्याचा नाही. ऐन तारुण्यात बेस वाजवून सोडलेली आणि पन्नाशीत पुन्हा तिच्याकडे वळलेली माणसे जगभर आहेत, आणि त्यांच्या गप्पांचा मोठा भाग वाद्याच्या वयाभोवती आणि त्यातल्या फेरफारांभोवती फिरतो. या हौसेची थोडी चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. तोवर वाद्यवृंदातला खर्ज माणसाहून उंच अशा उभ्या डबल बेसकडे असे. तो गाडीत मावत नसे, गर्दीत ऐकू येत नसे, आणि त्याच्या मानेवर पडदे नसल्याने सूर कानानेच शोधावा लागे. फेंडरनी पडदे बसवले, म्हणून नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. १९६५ साली त्यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याआधीची वाद्ये ती खरी आणि नंतरची ती कारखान्याची, अशी एक समजूत रूढ झाली. कालनिर्णयात मुहूर्त पाहावा तसे हौशी लोक वाद्याचा क्रमांक पाहून साल काढू लागले.

ही समजूत कसाला लावायची तर १९६२ हे एकच साल पुरे. त्या सालच्या दोन फेंडर बेस गिटारी इतिहासप्रसिद्ध आहेत. पहिली जेम्स जेमरसन यांची प्रिसिजन. जेमरसन डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे वादक; मूळचे डबल बेसवाले. गुळगुळीत वेटोळ्याच्या जाड तारा त्यांनी एकदा चढवल्या, त्या तुटेपर्यंत बदलल्या नाहीत. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा होता, तो तसाच राहू दिला. त्यामुळे सूर घुमत न राहता चटकन मिटे. उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी, सारे काम करी. डबल बेसची ही सवय त्यांनी मोडली नाही.

या साध्या सामग्रीतून काय निघाले ते ऐकावे. स्टीव्ही वंडर यांच्या ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ या १९६८ च्या गाण्यात बेस क्षणभर एका जागी बसत नाही. गायकाच्या दोन शब्दांमधली फट शोधून ती तिथे बोलते आणि शब्द आला की बाजूला होते. मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये मुख्य ठोका येण्याच्या किंचित आधी किंवा नंतर पाऊल टाकून ती त्या व्यथित गाण्याला अस्वस्थ ठेवते, तरी पडू देत नाही. आपल्याकडे चांगला तबलजी बायाच्या घिश्याने हे काम करतो. मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची रीत तोवर नव्हती. जेमरसन यांचे नाव छापून आले ते याच १९७१ च्या संचावर. असंख्य घरांत त्यांचा खर्ज पोचला होता, नाव मात्र पोचले नव्हते.

दुसरी १९६२ ची बेस जॅको पास्टोरियस यांची. ही ‘जॅझ बेस’. जेमरसननी ज्याला हात लावला नाही, तेच जॅकोंनी मुळापासून बदलले. तिच्या मानेवर पडदे उरले नव्हते. ते त्यांनी स्वतः सुरीने उपटले की गिटार तशीच हाती आली, याबद्दल त्यांनीच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले आहे. खाचा बुजवून वरून नावांना लावतात ते टणक इपॉक्सी चढवले, म्हणजे खरखरीत तारांनी लाकूड झिजू नये. सतारीचे पडदे जाऊन सरोद व्हावी तसे हे रूपांतर होते. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीत ‘डॉना ली’ ही जॅझमधली अवघड चाल ते फक्त कोंगा या तालवाद्याच्या साथीने बेसवर वाजवतात. त्याच तबकडीतल्या ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’मध्ये तारेला नेमक्या जागी नुसता स्पर्श करून घंटेसारखे वरचे सूर काढतात. मागे उभा राहणारा माणूस इथे पुढे येऊन गातो. त्यानंतर अनेकांनी आपल्या गिटारींचे पडदे उपटले. पडदे उपटले म्हणजे जॅको होत नाही. बेसूर होण्याची मोकळीक तेवढी मिळते.

तेव्हा एकाच सालची, एकाच कारखान्याची दोन वाद्ये. एकाने काही बदलले नाही, दुसऱ्याने सगळे बदलले, आणि दोघेही थोर. मग गुण सालात आहे असे म्हणता येत नाही, ‘मूळ रूप जपा’ म्हणणाऱ्यांची बाजू सिद्ध होत नाही, आणि फेरफार करणाऱ्यांचीही नाही. वाद्य गौण आहे असेही नव्हे. तो स्पंज नसता तर जेमरसनचा तो मिटता ठोका नव्हता, आणि पडदे असते तर जॅकोंची ती मींड नव्हती. माझ्या मते कसोटी एकच: फेरफार कानाने मागितला की यादीने? वाजवता वाजवता जे अडले म्हणून बदलले, ते संगीताच्या खात्यात जमा होते. वाजवण्याआधीच बदलले, ते केवळ खरेदीच्या.

हे शहाणपण आपल्याला मिरजेत सहज भेटते. तिथल्या सतारमेकरांच्या पेठेत तंबोऱ्याची जवारी झिजली की पुन्हा काढतात. घोडीचा माथा घासून तार त्यावर हवी तशी टेकेल असा उतार देतात, आणि त्यासाठी गाणाऱ्याचा स्वर विचारतात. घोडी घासल्याने तंबोऱ्याचे ‘मूळपण’ गेले असे कोणी म्हणत नाही. न घासलेला, न बोलणारा तंबोरा मात्र कोणी मैफलीत घेत नाही.

जुन्या वाद्याच्या ओढीला दुसरीही एक बाजू आहे. जेमरसन १९८३ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले; त्याच सुमारास त्यांची बेस चोरीला गेली, ती मिळाली नाही. जॅकोंची १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी पस्तिसाव्या वर्षी ते गेले. ती दोन दशकांनी सापडली, आणि मेटॅलिका या वृंदाचे बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या मदतीने २०१० मध्ये तिची सोडवणूक झाली. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस १९७२ साली लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेली होती. ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले, आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या रंगमंचावर त्यांनी ती पुन्हा वाजवली. ही बातमी वाचताना मलाही भरून आले. माझीही माळ्यावरच होती. पण समीक्षकाने एवढे नोंदवले पाहिजे की त्यांचे बेसवादन तिच्यावाचून अडले नव्हते. ‘सार्जंट पेपर’ या १९६७ च्या संचावर ज्या खर्जाचे कौतुक होते, तो त्यांच्या दुसऱ्याच, रिकनबॅकर बनावटीच्या वाद्यावरचा आहे. सापडलेल्या बेसवर आपण रडतो ते वाद्यासाठी कमी आणि आपल्या एकसष्ट-बासष्ट सालांसाठी अधिक.

परत येण्याची सर्वांत मोठी कथा मात्र डबल बेसवाल्या हेन्री ग्राइम्स यांची. सॉनी रॉलिन्स, सेसिल टेलर अशा जॅझमधल्या मोठ्या कलावंतांची साथ केलेला हा वादक १९६० च्या दशकाअखेर दिसेनासा झाला. वाद्य मोडले होते, दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये ते विकून टाकले. लोकांनी ते वारले असेच धरले. २००२ साली एका जॅझप्रेमी समाजसेवकाने त्यांना त्याच शहरातल्या एका छोट्या खोलीत शोधून काढले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडे वाद्य नव्हते. विल्यम पार्कर या बेसवादकाने त्यांना स्वतःची एक हिरवट रंगाची बेस दिली, आणि २००३ साली ग्राइम्स न्यूयॉर्कच्या व्हिजन महोत्सवात वाजवत होते. २०२० च्या एप्रिलात करोनाने जाईपर्यंत ते वाजवत राहिले. त्यांनी जुनी बेस शोधत बसायचे ठरवले असते तर?

आपल्या भागाला खर्ज परका नाही. गोव्याच्या चर्चशाळांत चार आवाजांतला खालचा आवाज मुलांना शिकवत. त्या तालमीत वाढलेल्या गोवेकरांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंद उभे केले. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ त्यांपैकीच. तरी आपण गाणे ऐकतो ते वरच्या ओळीचे. तंबोरा एका जागी राहून आधार देतो. बेस चालत चालत आधार देते आणि तिने पाऊल बदलले की वरच्या त्याच सुराचा अर्थ बदलतो. या दिवाळीत आपल्या आवडीचे एखादे गाणे तीनदा लावावे आणि तिसऱ्यांदा फक्त खालची ओळ ऐकावी, अशी वाचकांना विनंती आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर सौभाग्यवतींच्या प्रश्नानंतर मी कारागिराकडे जाणे थांबवले. रोज शाळेतून आल्यावर वीस मिनिटे. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले, दुसऱ्यात ते निबर झाले. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या पहिल्या आठ आवर्तनांतली पाच आता बऱ्यापैकी येतात, सहाव्यात अजून घसरतो. तिसरी तार पाचव्या पडद्यावर खरखरते. ती दुरुस्त करता येईल, हे मला ठाऊक आहे. आठवे आवर्तन आल्यावर बघू.